मागच्या रांगेतली मलमबाई

मी एक जुनी कथलाची पुजारीण आहे. उंची म्हणाल तर तुमच्या करंगळीएवढी. अंगात पायघोळ झगा, डाव्या हाताने त्याचा घोळ सावरलेला आणि उजवा हात डोक्यापेक्षाही उंच. त्या उंच हातात वाटीसारखे काहीतरी आहे. त्या वाटीने माझ्या आयुष्यात मोठा घोटाळा केला, पण ते ओघाने येईलच. माझे नाक पार झिजून गेले आहे, त्याचीही गोष्ट आहे. मित्रांनो, माझे खरे नाव विचाराल तर ते कोणी ठेवलेच नाही. सगळे मला मलमबाई म्हणतात.

माझा जन्म दातांच्या सहवासात झाला. दचकू नका. ज्यांनी मला घडवले ते मामा कवळ्या बनवतात. त्यांची खोली एका अरुंद जिन्याच्या माथ्यावर आहे. दाराला धुरकट काच, खिडकीशी घासायचे चाक, एक छोटी गॅसची शेगडी, कोपऱ्यात प्लास्टरच्या गोण्या आणि भिंतभर फळ्या. फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे मांडलेले असतात. काही हसरे, काही वाकडे, काही ओठ नसतानाही दातओठ खाणारे. एवढे दात एका जागी असून कोणी अवाक्षर काढत नाही, असे शेजारी मला लाभले.

एका दुपारी मामांनी कोणा आजोबांची कवळी पूर्ण केली आणि उरलेले गुलाबी मेण हातात घोळवत बसले. ज्या मेणाने त्या आजोबांची हिरडी घडली, त्याच मेणातून माझे डोके, खांदे आणि झग्याच्या चुण्या निघाल्या. मग त्यांनी मला प्लास्टरमध्ये गाडले, आच देऊन मेण वितळवून काढले आणि रिकाम्या जागेत तापलेले कथील ओतले. गार झाल्यावर प्लास्टर फोडून मामांनी मला उजेडात धरले, उंच हाताकडे जरा वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "हं." मामांच्या 'हं'मध्ये पुष्कळ काही असते. एरवी बोलणे हा त्यांचा प्रांतच नव्हे.

बोलायचे ते फक्त रविवारी. रविवारी दुपारी त्या खोलीत गोष्टीचा खेळ रंगे. तुमच्यापैकी कोणी तो खेळला असेल, कोणी नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो, पण अर्धीच. समोर बंद दार आहे, आतून आवाज येतोय, आता तुम्ही काय करता, असे विचारून तो थांबतो. बाकीच्यांनी आपापले एक पात्र घेतलेले असते. ते पात्र काय करील हे ज्याने त्याने सांगायचे, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मामा सूत्रधार होते. आठवडाभर मुके राहून साठवलेले सगळे शब्द ते त्या दुपारी उधळत.

खेळायला तिघे येत. पहिला मामांचा भाचा. घरात धाकटा, म्हणून सगळे त्याला धाकटाच म्हणत. तो खिडक्यांना काचा बसवण्याचे काम करी आणि त्याच्या कुठल्या ना कुठल्या बोटाला कायम पट्टी असे. दुसऱ्या ग्रंथपालबाई. त्या मामांच्या खालच्या मजल्यावर राहत. जन्मभर लोकांकडून पुस्तके परत मागण्यात गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना चोराचे पात्र हवे होते. गोष्टीतली कुलुपे फोडताना त्यांचा चेहरा असा काही खुले, की पाहत राहावे. आणि तिसरी धाकट्याची मोठी बहीण, आमची ताई. मित्रांनो, ही गोष्ट म्हटली तर माझी आहे, पण खरी तिचीच आहे.

मामांनी आम्हा पात्रांच्या मूर्ती पहिल्यांदा टेबलावर मांडल्या, तेव्हा ताई चहा करत होती. ती ट्रे घेऊन आली तोवर तलवारवाला धाकट्याने पटकावला होता आणि चोर ग्रंथपालबाईंच्या मुठीत गेला होता. उरले मी. "ताई, बरं करणारं कोणीतरी लागतंच ना," धाकटा म्हणाला. "चालेल की," ताई म्हणाली. तिचे हे 'चालेल की' मी पुढे इतक्या वेळा ऐकले, की घंटा असती तर दर वेळी वाजवली असती.

रंग धाकट्यानेच दिला, काचेवर वापरायच्या रंगाने. झगा निळा केला, केस काळे केले, आणि उंच हातातल्या वाटीशी येऊन थबकला. "ह्यात काय असेल बरं? मलम!" म्हणत त्याने वाटी हिरव्या रंगाने काठोकाठ भरली. मामा काहीतरी बोलायला गेले होते. पण ग्रंथपालबाईंनी टाळ्या पिटल्या, "वा, मलमबाई!" सगळे हसले, ताईही हसली, आणि मामा 'हं' म्हणून गप्प बसले. नाव पडले ते कायमचे.

सुरुवातीला मला त्याचा अभिमानच वाटे. गोष्टीत धाकट्याचा तलवारवाला मागचापुढचा विचार न करता कुठेही घुसे आणि रक्तबंबाळ होऊन परत येई. मग ताई म्हणे, "मी देवीची प्रार्थना करते आणि ह्याचे घाव भरते." फासा टाकला जाई, घाव भरत आणि तो पुन्हा घुसायला मोकळा होई. "मलमबाई आहे म्हणून आपण आहोत," असे ग्रंथपालबाई नेहमी म्हणत. त्या अगदी मनापासून म्हणत, ह्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले, की कौतुक सगळे करतात, विचारत मात्र कोणी नाही. टेबलावर आम्हाला मांडताना धाकटा मला बोटाने मागे सरकवी. "मलम मागे!" मागे राहायचे, जपून राहायचे आणि प्रार्थना राखून ठेवायची, हा त्या टेबलाचा न लिहिलेला नियम झाला. मामांच्या खेळात पुजारिणीला दिवसाला मोजक्याच प्रार्थना मिळत. त्या संपल्या, की गोष्टीतला सूर्य पुन्हा उगवेपर्यंत हात रिकामे. आणि पुजारिणीला काय फक्त घाव भरता येतात? ती अंधारात उजेड करू शकते, लढाईच्या आधी आशीर्वाद देऊ शकते, वाईट हेतूच्या माणसाला दारातच थांबवू शकते, देवीला प्रश्न विचारू शकते, मेलेल्यांशी बोलू शकते. हे सगळे मामांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ऐकले सगळ्यांनी, लक्षात कोणी ठेवले नाही.

एकदा गोष्टीत एक म्हातारी नावाडीण भेटली. तिचा दिवा विझला होता आणि तिला नदीचा पैलतीर दिसत नव्हता. "मी तिच्या दिव्यासाठी प्रार्थना केली तर?" ताईने विचारले. धाकटा लगेच म्हणाला, "अगं, उगाच कशाला वाया घालवतेस? पुढे मला लागलं तर?" ताई म्हणाली, "बरं, राहू दे. चालेल की." तिने मला मुठीत धरले होते आणि तिचा अंगठा माझ्या तोंडावरून फिरत होता. तिची पाळी सगळ्यात शेवटी येई आणि सगळ्यात आधी संपे. ती येईपर्यंत ताई अशीच माझ्यावरून अंगठा फिरवत बसे. माझे नाक झिजले ते ह्यामुळे. आणि पाळी झाली रे झाली, की कोणीतरी म्हणे, "ताई, तुझं झालंच आहे, तर चहा टाकतेस?"

ताई एका पार्सल कंपनीत तक्रारीच्या खिडकीत बसे. कोणाचे खोके फुटलेले, कोणाचे हरवलेले, कोणाला भलत्याच माणसाचे बूट आलेले. येणारा तावातावाने येई आणि ताईशी बोलून निवून जाई. म्हणजे दिवसभर बोलण्याचे मलम, संध्याकाळी बाबांच्या गुडघ्याला खरे मलम, मग धाकट्याच्या बोटाला पट्टी, आणि रविवारी विरंगुळा म्हणून पुन्हा मी! एवढे करून ती कधी वैतागत नसे. वैतागली असती तर बरे झाले असते, असे मला आता वाटते.

मग ताई रविवारी येईनाशी झाली. एकदा ऑफिसचे काम निघाले, एकदा डोके दुखत होते, एकदा नुसताच निरोप आला. "काळजी नको," धाकटा म्हणाला, "मी दोन्ही खेळतो." त्याने एका हाताने तलवारवाला पुढे ढकलला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मला मागून ढकलले. खेळ अगदी सुरळीत चालला. कशाची म्हणून खोटी झाली नाही. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त लागले ते हेच.

आणि नेमके हेच ताईने पाहिले. धाकटा घरी किल्ली विसरला होता, ती द्यायला ती जिना चढून आली. दार अर्धवट उघडे होते. आत धाकटा एका दमात म्हणत होता, "मी दाणकन घाव घालतो, तो मला घाव घालतो, मलमबाई मला बरं करते, मी परत घाव घालतो." ताईने हे दारातून ऐकले. तिला पाहून तिघेही खूश झाले. "अगं, ये ना, बस!" ग्रंथपालबाई खुर्ची सरकवू लागल्या. ताई हसली आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "चाललंय की तुमचं माझ्याशिवाय. खेळा तुम्ही." ती जिना उतरल्यावर मामांनी फासा उचलून खिशात टाकला आणि म्हणाले, "आज पुरे."

त्यानंतर कितीतरी दिवस मी जबड्यांच्या फळीवर उभी होते. चाकाची बारीक पांढरी धूळ अंगावर बसत गेली. निळा झगा पांढरा झाला, केस पांढरे झाले. शेजारचे जबडे मात्र हसरेच होते. त्यांना काय, हसण्यापलीकडे दुसरे येतेच काय! मला वाटले, आपले दिवस भरले. पुढच्या मूर्ती ओतताना मामा मलाही वितळवून टाकतील.

एका संध्याकाळी ताई आली ती बाबांची कवळी घेऊन. कवळीला चीर गेली होती. मामांनी ती हातात घेतली आणि चाक सुरू केले. ताई वाट पाहत फळीशी उभी राहिली. तिने मला उचलले, फुंकर मारली, मामांचा बारीक ब्रश घेऊन धूळ झाडली. मग सवयीने माझ्या नाकावरून अंगठा फिरवला. हिरव्या रंगाचा एक पोपडा वाटीच्या काठावरून सुटला होता. ताईने तो नखाने उचकटला. त्याच्याबरोबर बाकीचा रंगही निघून आला, आणि वाटीच्या तळाशी तिला एक तुटके टोक दिसले.

"मामा, ह्या वाटीत हा दांडा कसला आहे?"

मामांनी चाक बंद केले. "वाटी नाही ती. घंटा आहे."

"घंटा?"

"घंटा जोरात झुलवली की क्षणभर तिचं तोंड वर होतं ना, तशी कोरली होती. आतला लोलक बारीक होता, तिथपर्यंत कथील पोचलंच नाही. नुसतं टोक राहिलं."

"मग एवढी वर्षं सांगितलं का नाही तुम्ही?"

"सांगणार होतो. पण धाकट्यानं रंग ओतला, सगळे हसले, तूही हसलीस. म्हटलं, खेळता खेळता सापडेल तुझं तुला." मामा जरा ओशाळले. "पण तू काही शोधायला लागलीस की कोणीतरी 'मलम!' म्हणून ओरडायचं. मी मध्ये पडायला हवं होतं."

माझे आयुष्य एका वाक्यात उलटे झाले होते, मित्रांनो! जन्मभर जी वाटी मिरवली ती घंटा निघाली. मला हसावे की रडावे कळेना. ताई मात्र शांत होती. ती स्टुलावर बसली आणि तिने विचारले, "घंटा कशासाठी?"

"ती उंबरठ्याच्या देवीची पुजारीण आहे. आत येणाऱ्याला आणि बाहेर पडणाऱ्याला जपणारी. घाव भरणं हे तिच्या कामांतलं एक काम."

"मग मुख्य काम काय?"

"ते मी कसं सांगू? पात्र तुझं आहे. तिला काय हवंय?"

 ताई मला तळहातावर घेऊन एकदम वेगळेच बोलू लागली. कंपनीने तिला दुसऱ्या शहरातला डेपो देऊ केला होता. सगळा डेपो तिच्या हाताखाली, तक्रारीची खिडकी नाही. महिना संपायच्या आत हो की नाही ते कळवायचे होते. घरी तिने अजून सांगितले नव्हते.

"का? नको म्हणतील?" मामांनी विचारले.

"नको नाही म्हणणार हो. म्हणतील, तुला जमेल तसं बघ. आणि मग सगळे माझ्याकडे बघत बसतील."

मामा म्हणाले, "हं." मग कवळी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. "रविवारी ये. नुसती ये." त्यांनी सल्ला दिला नाही. मला तर वाटत होते, ओरडून सांगावे, जा गं, जा! पण कथलाच्या तोंडाला तेवढी सोय नसते.

रविवारी ताई आली. धाकट्याला एवढा आनंद झाला, की त्याने स्वतः तिची खुर्ची पुसली. मग नेहमीप्रमाणे मला मागे सरकवले.

त्या दिवशीची गोष्ट एका बुडालेल्या खाणीची होती. वरच्या बोगद्यातच एक तुळई कोसळली आणि तलवारवाला तिच्याखाली सापडून जबर जखमी झाला. ग्रंथपालबाईंनी त्याला ओढून काढले. पुढे एक लोखंडी फाटक होते आणि फाटकाच्या आत मेलेले खाणकामगार उभे होते, हातात कुदळी घेऊन. मामांनी आवाज खाली आणला. "ते तुमच्याकडे बघतायत. तुम्ही काय करता?"

"ताई, आधी मला बरं कर," धाकटा म्हणाला, "मग मी घुसतो." ताईच्या हाताशी त्या दिवसाची एकच प्रार्थना उरली होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. तिने अंगठा माझ्या नाकावरून काढला. मला उचलले आणि तलवारवाल्याच्या पुढे, चोराच्याही पुढे, थेट फाटकाच्या रेघेवर नेऊन ठेवले.

"नाही. आधी मी," ताई म्हणाली. "मी उंबरठ्यावर उभी राहून घंटा वाजवते."

"कसली घंटा?" धाकट्याने विचारले.

ताईने मला त्याच्या डोळ्यांसमोर धरून घंटा दाखवली आणि पुन्हा जागेवर ठेवले. मामांनी नियम सांगितला. ही घंटा वाजत असेपर्यंत उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना कोणीही शस्त्र उचलू शकत नाही. पण फासा फसला, तर जी पुढे उभी आहे, त्या पुजारिणीवर पहिली कुदळ पडेल.

"दोन्ही बाजूंना? म्हणजे मीपण नाही?" धाकटा उसळला. "अगं, तू आपल्याच माणसावर प्रार्थना टाकतेयस! आणि माझ्या जखमेचं काय?"

"थांबशील जरा? माझी पाळी आहे," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ग्रंथपालबाईंनी हातातले बिस्किट खाली ठेवले.

आघाडीवर उभे राहण्याची माझी ती पहिलीच वेळ. खरे सांगते, माझे पाय लटपटले असते, पण ते बैठकीला चिकटलेले आहेत. समोर कुदळी, मागे कोणी नाही, आणि हातातल्या घंटेला लोलकच नाही. ताईने फासा टाकला. तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि खाली, प्लास्टरच्या गोण्यांमध्ये जाऊन पडला. पडलेला फासा जसा पडेल तसा मोजायचा, अशी त्या खोलीची रीत होती. धाकटा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरला. तिथे त्याच्याशिवाय कोणालाच काही दिसत नव्हते. त्याने फासा नुसता नखाने उलटवला असता आणि 'फसला' म्हटले असते, तर प्रार्थना वाया गेल्याचे त्याचे म्हणणे खरे ठरले असते. तो जरा वेळ तिथेच बसून राहिला. मग टेबलाखालून आवाज आला, "अठरा आहेत. घंटा वाजली."

मामांनी डोळे मिटून गोष्ट पुढे नेली. कुदळी खाली आल्या. ताईने मेलेल्यांना विचारले, "तुम्हाला काय हवंय?" त्यांच्यातला एक म्हणाला, की पाणी आले तेव्हा दिवे विझले, वाट दिसेना, आम्ही हाकेची वाट पाहत उभे राहिलो. पुढे जे कोणी आले ते काहीतरी न्यायला आले. हाक मारायला कोणी आले नाही. "मी हाक मारायला आलेय," ताई म्हणाली. "या. सावकाश या, घंटेच्या आवाजावर या." आणि मामांच्या गोष्टीत ते एकेक करून माझ्या शेजारून उंबरठा ओलांडून बाहेर गेले. कोणी तलवार उपसली नाही. ग्रंथपालबाई चष्मा पुसू लागल्या. चोराला एवढे रडू येणे बरे नव्हे, पण आले खरे.

"छान झालं," धाकटा पडेल आवाजात म्हणाला, "पण आता मला बरं कोण करणार? मी मरतोय इथे."

"तुझ्याकडे पाणी आहे, कापड आहे, दोन हात आहेत," ताई म्हणाली. "बांध की तुझी तू."

धाकट्याला हे सुचलेच नव्हते. एवढी वर्षे खेळून त्याने गोष्टीत एकदाही पट्टी बांधली नव्हती. तो काही क्षण आपल्या खऱ्या अंगठ्याकडे बघत बसला. त्यावरची पट्टी ताईने सकाळीच बांधलेली होती. "मी कापड धरते, तू गाठ मार," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्याने फासा टाकला. जेमतेम निभावले. तलवारवाला वाचला, पण एका पायाने कायमचा लंगडा झाला. पुढे त्या लंगडण्याचा धाकट्याला तलवारीपेक्षा जास्त तोरा होता, हा भाग वेगळा.

डाव संपला. नेहमी ह्या वेळी ताई चहाला उठे. त्या दिवशी ती उठली नाही.  शेवटी धाकटाच उठला आणि शेगडीशी जाऊन खुडबुडू लागला. त्याने केलेला चहा काळाकुट्ट होता आणि साखर एकाच कपात पडली होती, बहुतेक. सगळ्यांनी निमूटपणे प्यायला.

"मला कंपनीनं दुसऱ्या शहरातला डेपो दिलाय," कप खाली ठेवत ताई म्हणाली. "मी जाणार आहे."

धाकट्याचा हात कपाच्या कानातच राहिला. "हे कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगितलं ना."

"आणि बाबांचं? घरचं?" त्याने विचारले.  ताई फक्त त्याच्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे. तो आधी तिच्याकडे, मग आपल्या कपाकडे बघू लागला. "चहा इतका काही वाईट नाही झालाय," तो म्हणाला. "शिकेन."

ताई जाईल तेव्हा मला बरोबर नेईल असे मला वाटले होते. निघायच्या दिवशी ती खोलीवर आली, माझ्या नाकावरून अंगठा फिरवला आणि मला धाकट्याच्या हातात दिले. "हिला आता तू खेळ," ती म्हणाली. "आणि घंटेला रंग दे आधी, पितळी." मला वाईट वाटले. मी कथलाची असले तरी इतकी काही गार नाही. पण ती बाहेर पडत होती आणि बाहेर पडणाऱ्याला जपायचे, हेच तर माझे काम होते. धाकट्याने घंटा पितळी रंगवली. मामांनी तारेचा एक कण डाग देऊन लोलक म्हणून बसवला. वाजत नाही ती, पण बघणाऱ्याला आता कळते, की ही घंटा आहे.

पुढच्या रविवारी टेबलाशी तिघेच होते. लंगडा तलवारवाला फळीवर विश्रांतीला गेला होता, धाकट्याच्या हातात मी होते. गोष्टीत एका गावाच्या बंद दारापाशी आम्ही पोचलो. ग्रंथपालबाईंनी कुलूप चाचपले. मामांनी विचारले, "पुजारीण काय करते?"

धाकट्याने मला उलटसुलट करून पाहिले. घाव कोणालाच बसला नव्हता, त्यामुळे त्याला काही सुचेना. "मला माहीतच नाही," तो शेवटी म्हणाला. "तिला काय आवडतं, ती कशावर चिडते, कशाला घाबरते, मला काहीच माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही." आणि हे तो माझ्याविषयी बोलत नव्हता, हे जबड्यांनाही कळले असावे.

त्याने फोन काढला, ताईला लावला आणि टेबलावर ठेवला. पलीकडे खोकी आदळल्याचे, कोणीतरी कोणाला हाका मारल्याचे आवाज येत होते. "बोल रे, काय झालं? बाबा बरे आहेत ना? बोट कापलंस का?" ताईने घाईघाईने विचारले.

"नाही गं. सगळं ठीक आहे. बाबांच्या गुडघ्याला मलम लावूनच आलोय." धाकटा अडखळला. "ताई, तुला… म्हणजे, तुझ्या पुजारिणीला नक्की काय आवडतं गं?"

 मग ताई हसली. मी तिचे ते हसणे पूर्वी कधी ऐकले नव्हते. "थांब, केबिनचं दार लावते," ती म्हणाली. "सांगते. पण वेळ लागेल हं."

"लागू दे," धाकटा म्हणाला. ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. मामांनी चहा केला, तोही गार झाला.

मित्रांनो, आता माझे वय झाले आहे. घंटेचा रंग पुन्हा उडू लागला आहे. मी कधी तुमच्या हाती आले, तर मला पाडू नका, कथील मऊ असते, हात वाकतो. धूळ बसली तर फुंकर घाला. आणि माझे एवढे एक ऐका. तुमच्या खेळात किंवा घरात असे कोणीतरी असेल, ज्याची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि जे नेहमी 'चालेल की' म्हणते. त्याचे कौतुक नंतर करा. आधी त्याला विचारा, की तुला काय हवंय. विचारल्यावर मात्र घाई करू नका. त्याला उत्तर द्यायची सवय नसते, त्यामुळे थोडा वेळ लागतो.